शेवटचा हात

नाट्यगृहाच्या बाई चार वाजता पडदा बघायला येणार होत्या. रविवारचा दीड वाजला होता, आणि घराने सकाळपासून एकच काम हाती घेतलं होतं: ठिपकीला समजावणं. समजावणं म्हणजे या घरात समोरच्याचं ऐकून घेणं नव्हे. समोरचा दमेपर्यंत आपण बोलत राहायचं, याला इथे समजावणं म्हणतात.

बैठक खाली, पडदे रंगवायच्या कारखान्यात भरली होती, कारण अण्णांना काही गंभीर बोलायचं असलं की समोर पडदा लागायचा. लांब टेबलाच्या टोकाला अण्णा, त्यांच्या उजव्या हाताला त्यांचा थोरला मुलगा, डावीकडे त्याची बायको, आणि जरा लांब, सरस वितळवायच्या शेगडीपाशी, आपल्या रोजच्या स्टुलावर आत्या. ठिपकी दाराजवळ उभी होती. बत्तीस वर्षांची बाई, पण लहानपणी भिंतीवर ठिपके काढायची म्हणून पडलेलं नाव काही सुटलं नव्हतं. सहा आठवड्यांत ती पहिल्यांदाच कारखान्यात आली होती आणि पडद्याकडे पाठ करून उभी राहिली होती.

पडदा मात्र सगळ्यांकडे बघत होता. अठ्ठावीस फूट रुंद. नाटक सुरू व्हायच्या आधीची वेळ, समोर रंगमंचावर दिवे, आणि आपल्याकडे पाठ करून बसलेल्या बायकांच्या रांगाच रांगा. माना, अंबाडे, खांद्यांवरून घसरलेल्या शाली. सगळ्या पाठमोऱ्या. फक्त तिसऱ्या रांगेतल्या एकीने मान वळवून मागे पाहिलेलं. नाट्यगृहाने हे चित्र निवडलं ते त्या एका तोंडासाठी. आणि पहिल्यांदाच, पडद्याच्या कोपऱ्यात घराण्याच्या शिक्क्याऐवजी चित्रकर्तीचं नाव हवं, असं लेखी कळवलं. ठिपकीने चार महिने कापडावर रांगत, गुडघे सोलवटून ते चित्र काढलं होतं. ते तोंड दमलेलं होतं. ती बाई हसत नव्हती, रडत नव्हती. ‘आलात का एकदाचे’ अशा नजरेने ती बघत होती.

आता ती हसत होती.

कारण ठिपकी दोन दिवस नाट्यगृहात वरच्या दांडीचं माप घ्यायला गेली, तेव्हा अण्णांनी पडद्याला शेवटचा हात दिला. तो या घराचा नियमच. पडदा कुणीही काढलेला असो, बाहेर पडण्याआधी घरातलं थोरलं माणूस त्यावर शेवटचा हात फिरवणार. अण्णांनी त्या बाईला हसू दिलं, गालात खळी पाडली, कानात डूल घातले आणि सगळ्या खांद्यांवर सोनेरी उजेड शिंपडला. ठिपकी परत आली तेव्हा घरचे टाळ्या वाजवत होते. तिने वर पाहिलं, मोरीत जाऊन उलटी केली, आणि त्या दिवसापासून ब्रश घेतला की तिचा उजवा हात खांद्यापासून जड व्हायचा. झोप उडाली, ताटातलं अन्न ताटातच राहू लागलं. डॉक्टरांनी दोन महिने कारखान्यापासून लांब राहा असं लिहून दिलं आणि दर मंगळवारी एका समुपदेशक बाईंकडे जायला सांगितलं. घराने त्यांचं नाव ‘मंगळवारवाली’ ठेवलं. नावं ठेवायला हे घर कधीच कमी पडलेलं नाही.

“हे बघ,” थोरला म्हणाला. कारखान्याचा बाहेरचा व्यवहार तो बघायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलायचा तो मधाळ आवाज त्याने बहिणीसाठी काढला होता. “नाट्यगृहाच्या बाई येतील, बघतील, खूश होतील. तू नुसती शेजारी उभी राहा. बोललीसुद्धा नाहीस तरी चालेल.”

“दादा, मी एकदाच बोलणार आहे,” ठिपकी म्हणाली. तिने श्वास घेतला. “हे चित्र माझं आहे. मला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नव्हता. हे हसू निघाल्याशिवाय माझं नाव या पडद्यावर लागणार नाही.”

“पाठ करून आलीस वाटतं?”

“हो. मंगळवारपासून पाठ करतेय. रोज आरशासमोर वीस वेळा. कारण तुमच्यासमोर उभं राहिलं की मला एक साधं वाक्य पुरं करता येत नाही. मध्येच कुणीतरी हसतं.”

थोरला हसणार होता. त्याने ते हसू मिशीत दाबलं, पण दाबलेलं सगळ्यांना दिसलं.

“मंगळवारवालीने शिकवलं असणार,” अण्णा पडद्याकडे बघत म्हणाले. “तिला काय जातंय? तिला ब्रश कुठून धरतात हे तरी माहीत आहे का? आमच्या वेळी हात दुखला तर गरम पाण्यात बुडवायचो आणि परत कापडावर बसायचो.”

“माझा हात दुखत नाहीये, अण्णा.”

“मग?”

“मग काय ते सहा आठवडे सांगतेय. तुम्ही ऐकता कुठे?”

“ऐकलं की! तुला वाईट वाटलं. वाटतं माणसाला. पण चार दिवस वाईट वाटावं, दीड महिना नव्हे. एवढंसं ते हसू!”

वहिनीने इथे मान वर केली.

ती या घरात बारा वर्षं होती आणि शाळेत गणित शिकवायची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिला कळलं होतं की या घरात चित्राला चांगलं म्हणत नाहीत. चांगलं म्हटलं की हात शेफारतो, असं सासऱ्यांचं मत. म्हणून काही आवडलं तर ‘ठीक’, फार आवडलं तर नुसतंच ‘हं’. ठिपकी चाळीस-चाळीस दिवस एका ‘हं’साठी राबताना वहिनीने पाहिली होती. नणंदेच्या बाजूने ती आजवर कधी बोलली नव्हती, ही गोष्टही खरी. नवऱ्याचं घर, सासऱ्यांचा कारखाना, आपण कशाला मध्ये पडा, असं म्हणून तिने बारा वर्षं तोंडाला कुलूप लावलं होतं आणि त्याला समजूतदारपणा हे नाव दिलं होतं. आता तिला त्या समजूतदारपणाची लाज वाटली.

शिवाय सकाळपासून एक किरकोळ गोष्ट तिला खटकत होती. रविवारी कारखान्याचा केर तिच्याकडे असायचा. गेले काही रविवार पडद्याखाली एक पिवळसर, पिठासारखी धूळ सापडायची. आजही सुपलीभर निघाली होती. छताची माती असेल म्हणून तिने ती टाकून दिली होती, पण छताची माती एवढी सोनेरी नसते.

“अण्णा,” ती म्हणाली, “एवढंसंच होतं, तर काढून टाका ना.”

“काय?”

“हसू. एवढंसं आहे म्हणताय. मग एवढंसं काढायला काय हरकत आहे?”

“अगं, तू काय बोलतेयस?” थोरल्याने बायकोकडे असं पाहिलं जणू टेबलच बोललं होतं. “सरसाचा रंग आहे तो. कापडात बसतो. खरवडलं तर खालचंही सगळं निघेल. पडदा फुकट जाईल.”

“म्हणजे काढता येत नाही, हे माहीत असून घातलं.”

“सूनबाई,” अण्णा म्हणाले, “शेवटचा हात काढत नसतात. या घरात कधीच कुणी काढलेला नाही.”

हे सांगताना त्यांचा आवाज चिरकला आणि त्याचा त्यांना राग आला. अण्णा दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर सगळं सोपं झालं असतं. त्यांचे स्वतःचे पडदे एकावन्नाव्या वर्षापर्यंत त्यांच्या वडिलांनी दुरुस्त केले होते. आकाश काढलं की वडील ढग टाकायचे, ढग काढले की आकाश मोकळं करायचे. वडील गेल्यावर अण्णांनी पहिला पडदा एकट्याने पुरा केला आणि तीन दिवस त्याच्यासमोर बसून राहिले. पुरा झाला की नाही, हेच त्यांना कळेना. एकावन्न वर्षांचा माणूस, आणि आपलं चित्र संपलं की नाही हे सांगायला घरात कुणी नाही म्हणून हमसून रडला होता. लेकीवर ती वेळ येऊ नये म्हणून मी हात देतो, असं त्यांना मनापासून वाटायचं. तिच्यावर तीच वेळ आपण आणतो आहोत, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं.

“मला कुणी विचारलं होतं?” ते एकदम ओरडले. “माझ्या चित्रांना हात लावताना मला कुणी विचारत होतं? मी पडलो का आजारी? मी गेलो का कुठल्या बाईकडे रडायला?”

“जायला हवं होतंत,” ठिपकी म्हणाली.

अण्णा पडद्यावरून नजर काढून तिच्याकडे वळले.

“हे शिकवते ती तुला? बापाला उलट बोलायला?”

“नाही. तिने मला एकच प्रश्न विचारला. चित्राला कुणी वाईट म्हटलं तर तू वाईट होतेस का? मी म्हटलं, आमच्या घरात चित्राला वाईट म्हणतच नाहीत. आमच्या घरात ते दुरुस्त करतात. एकदा, दोनदा, दहा वर्षं. मी सतरा पडदे काढले, अण्णा. सतराही तुम्ही दुरुस्त केलेत. मला सांगा, माझ्या हाताने मग काय समजायचं? तो उठत नाही तर त्याचं काय चुकलं? कशाला उठायचं त्याने?” पडद्याकडे तिची अजून पाठच होती, पण आवाज सरळ होता. “सोळांच्या वेळी मी काही बोलले नाही. हे तोंड मात्र मी कुणालाही दिलं नसतं. ही बाई मी होते. दमलेली. तुम्ही तिला हसायला लावलंत. आणि डूल घातलेत! मी कधी घातलेत का डूल?”

“प्रेक्षक दिवसभर राबून आलेला असतो. त्याला हसरं तोंड दाखवायचं असतं.”

“मीही राबून आले होते.”

थोरल्याने घड्याळ पाहिलं. अडीच. त्याला दोन्ही बाजूंचा कंटाळा आला होता आणि थोडीशी शरमही वाटत होती, पण शरमेचं काय करायचं ते त्याला माहीत नसल्यामुळे तो व्यवहाराकडे वळला. “ठीक आहे, असं करू. नाव घालायचंच नाही. बाईंना सांगू, आमचा नियम आहे, शिक्काच लागतो. ठिपकी, तुझं नाव नको, मग तुझी तक्रारही नको. झालं?”

“झालं,” अण्णा म्हणाले.

“म्हणजे चित्रही गेलं आणि नावही गेलं,” वहिनी म्हणाली. “वा! छान हिशेब जमतो हो तुम्हाला.”

“तू कुणाच्या बाजूची आहेस?” थोरल्याने विचारलं.

“आत्ता? तिच्या. आणि तुमचा तो नियम मला जरा नीट सांगा, मला गणित शिकवायची सवय आहे. शेवटचा हात कुणाचा?”

“थोरल्या माणसाचा,” अण्णा म्हणाले. “म्हणजे घरात वयाने सगळ्यात मोठं जे माणूस असेल, त्याचा. हे काय आता नव्याने सांगायचं?”

“अण्णा, तुमचं वय?”

“अडुसष्ट.”

“आणि आत्यांचं?”

आत्याचं वय एकाहत्तर होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणाच्या कधी लक्षात आलेलं नव्हतं. सतरा वर्षं शेवटचा हात तिचा असायला हवा होता. नियम एवढा पवित्र, डोळ्यांत तेल घालून जपलेला, आणि शेगडीपाशी बसलेल्या बाईपर्यंत तो पोचतच नव्हता.

“ताईचं वेगळं आहे,” अण्णा म्हणाले. “ताई काढत नाही. ताई रंग कालवते.”

“हो,” आत्या म्हणाली. “मी रंग कालवते.”

ती उठली. उंच, वाळकी बाई, बोटांची नखं कायमची काळी. तिने पदराने हात पुसले, जसे ती दिवसातून शंभर वेळा पुसायची.

आत्याने या घरात एकच पडदा काढला होता, बाविसाव्या वर्षी. रिकामी बाग. एकही माणूस नाही, एकही प्राणी नाही, नुसती संध्याकाळ आणि कुणीतरी नुकतंच उठून गेलंय असा बाक. वडिलांनी शेवटचा हात देताना त्यात दोन हरणं घातली. पडदा गाजला. लोक हरणांसाठी लांबून यायचे. त्यानंतर आत्या शेगडीपाशी जाऊन बसली ती बसलीच, आणि ‘आत्याची हरणं’ हा घरातला कायमचा विनोद झाला. कुणी काही विसरलं की म्हणायचे, गेलं वाटतं आत्याच्या हरणांबरोबर. ठिपकीही म्हणायची.

“ती हरणं माझी नव्हती,” आत्या म्हणाली. “एकोणपन्नास वर्षं तुम्ही मला हरणांवरून चिडवताय. मी बाक काढला होता. बाकाचं कुणी नावच काढत नाही.”

“ताई, तो विषय आता कशाला…”

“आताच. पहिल्यांदाच बोलतेय, बोलू दे.” तिने शेगडीवरच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. “यात काय असतं?”

“सरस,” थोरला म्हणाला. चाळिशीचा माणूस, शाळेतल्यासारखं उत्तर देऊन बसला.

“सरस. रंग कापडाला धरून ठेवतो तो सरस. तो नसेल तर पूड आणि पाणी. पाणी सुकलं की पूड उरते, हात लावला की झडते. पडद्यावरच्या रंगाला हात लावायचा नाही ही आपल्याकडची शिस्त, म्हणून कुणी लावत नाही.” ती अण्णांकडे वळली. “तू त्या दिवशी म्हणालास, ताई, सोनेरी कर, गुलाबी कर, थोडा तपकिरी कर, शेवटचा हात द्यायचाय. मी केला. सहा वाट्या. त्यात सरस घातला नव्हता.”

अण्णा खुर्चीतून अर्धवट उठले. “काय केलंस?”

“सरस नव्हता. थेंबभर होता, नावाला, नाहीतर तुझ्या ब्रशाला कळलं असतं. आणि ठिपकीच्या रंगात आधीच दीडपट घातला होता, वर तो पक्का बसावा म्हणून तुरटीचं पाणी मारून घेतलं होतं. खालचं सगळं जागच्या जागी आहे. वरचं झटकलं तर पडेल. पडतंच आहे. सूनबाई दर रविवारी केरात काढते.”

वहिनीने कोपऱ्यातल्या केराच्या डब्याकडे पाहिलं. सोनेरी उजेड तिथे पडला होता.

सगळ्यांना वाटलं ठिपकी आता आत्याच्या गळ्यात पडेल. घरात असे प्रसंग क्वचित येतात आणि आले की लोकांना त्यांचा शेवट गोड हवा असतो. ठिपकी वळली. तिचा चेहरा पांढरा झाला होता.

“सहा आठवडे,” ती म्हणाली.

“ठिपके…”

“सहा आठवडे मी वर पडून होते. तू रोज दोन वेळा ताट घेऊन यायचीस. पलंगावर बसायचीस. केसांवरून हात फिरवायचीस. आणि तुला माहीत होतं.”

“मला वाटलं…”

“काय वाटलं? सांग ना! मी झोपेशिवाय रात्री काढत होते, मला वाटत होतं माझं सगळं संपलं, चित्र गेलं, हात गेला, आता मी कुणीच नाही. आणि तुझ्याकडे एक वाक्य होतं. एकच! ‘झटकलं तर पडेल.’ ते तुला सांगता आलं नाही?”

आत्याचे ओठ हलले. “भ्याले,” ती म्हणाली. “बाबा जाऊन सतरा वर्षं झाली, तरी भ्याले. वाटलं, तू भांडशील, मग सांगेन. तू भांडलीस की मला बळ येईल. तू पडूनच राहिलीस.”

“म्हणजे माझ्या भांडणाची वाट बघत बसलीस.”

“हो.”

“एवढी हुशारी केलीस आणि मूग गिळून बसलीस. तुला ना… मला तुझाही राग आलाय, आत्या. खूप आलाय. अण्णांना निदान कळत तरी नव्हतं.”

“येऊ दे,” आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. “मलाही आला असता. मला तो बाबांवर काढता आला नाही, म्हणून तर ही शेगडी.”

थोरला उठला. त्याने घड्याळ पाहिलं नाही. भिंतीला टेकवलेली उंच शिडी त्याने उचलली, पडद्यासमोर आणून तिसऱ्या रांगेखाली लावली आणि तिचे पाय धरून उभा राहिला.

“तू काय करतोयस?” अण्णा.

“शिडी धरतोय,” तो म्हणाला. “मला दुसरं काही येत नाही, अण्णा. एवढं येतं.”

“कुणीही त्या पडद्याला हात लावायचा नाही!”

“बरोबर,” ठिपकी म्हणाली. “कुणीही नाही.”

आत्या धूळ झाडायचा मऊ, रुंद ब्रश घेऊन पुढे आली होती. ठिपकीने तो तिच्या हातातून घेतला आणि तिला बाजूला केलं, हळूच, पण केलंच. मग पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं. पाय दाराकडे वळले. ती थांबली. मंगळवारवालीने सांगितलं होतं, पळावंसं वाटलं तर वाटू दे, पळायचं की थांबायचं ते मात्र तू ठरव. ती शिडी चढली. नऊ पायऱ्या. डाव्या हाताने तिने बाजूची दांडी धरली आणि उजवा हात, सहा आठवडे ब्रश घेऊन न उठलेला, वर न्यायला लागली. तो कोपरापर्यंत उठला आणि थांबला.

खालून कुणी ‘जमेल तुला’ म्हणालं नाही, हे बरंच झालं.

हात उठला. तिने ब्रश त्या गालावरून फिरवला. खळी झडली. पीठ सांडावं तशी ती तिच्या मनगटावर, बाहीवर, भावाच्या टकलावर पडली. पुन्हा एकदा. डूल गेले. ओठांची कड गेली. हसू सगळ्यात शेवटी गेलं, थोडं चिकटून बसलं होतं, थेंबभर सरसाचं असणार. मग खालून ती बाई वर आली. दमलेली, जशीच्या तशी. ‘आलात का एकदाचे.’

ठिपकी शिडीवर रडली. लपवून नाही, चांगली मोठ्याने रडली. वहिनीही रडली आणि गणिताच्या बाईला शोभणार नाही इतक्या जोरात तिने नाक शिंकरलं.

ठिपकीने रांगेने सगळे खांदे झाडले. थोरला शिडी सरकवत राहिला. सव्वातीनला ती खाली उतरली तेव्हा जमिनीवर सोनेरी पट्टा पडला होता आणि अण्णा त्याच्याकडे बघत बसले होते. त्यांच्या हातचा तो चांगला उजेड होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो केर झाला होता.

“पाचवी रांग,” अण्णा म्हणाले.

“अहो, आता पुरे की!” वहिनी उसळली.

“पाचवी रांग, डावीकडून दुसरी,” ते तसेच म्हणाले. ओरडत नव्हते. “तिथेही मी हात दिला होता. तिथला गेला. बघ.”

ठिपकीने पाहिलं. दिवे समोर रंगमंचावर, म्हणजे सावल्या आपल्याकडे पडायला हव्यात. सगळ्यांच्या तशाच होत्या. पाचव्या रांगेतल्या दुसरीची सावली दिव्यांकडे पडली होती. चार महिने कापडावर रांगताना, एवढ्या जवळून, ती तिला दिसलीच नव्हती.

“दिसली?” अण्णांनी विचारलं.

“दिसली.”

“मग?”

सहा आठवड्यांपूर्वी एवढ्यानेच तिच्या पायाखालची जमीन गेली असती. एक सावली चुकली, म्हणजे सगळं चुकलं, म्हणजे आपणच चुकलो. ती त्या भीतीची वाट बघत क्षणभर उभी राहिली. आली नाही असं नाही, पण दारातच थांबली.

“मग काही नाही. सावली चुकली आहे,” ती म्हणाली. “माझी चुकली आहे. तुम्ही तेव्हा मला हाक मारून एवढंच म्हणाला असतात, ‘ठिपके, पाचवी रांग बघ’, तर मी तुमचे पाय धरले असते.”

अण्णांनी टेबलावरचा आपला चपटा ब्रश सवयीने उचललाच होता. त्याचं काय करावं हे त्यांना कळेना. मग त्यांनी तो तिच्यापुढे धरला, दांडा तिच्याकडे करून.

“नको,” ठिपकी म्हणाली. “माझा आहे.” तिने फळीवरून स्वतःचा ब्रश काढला, सहा आठवड्यांनी कडक झालेला, आणि कोमट पाण्याच्या भांड्यात घातला. “आणि यानंतरचं मी इथे काढणार नाही, अण्णा. जागा बघितलीये. तुम्ही या बघायला. हात मागे बांधून या.”

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. बाई वेळेआधीच आल्या होत्या. थोरला सवयीने दाराकडे निघाला, मग मागे वळून बहिणीकडे बघून थांबला.

“बसवून ठेव त्यांना,” ती म्हणाली. “माझं संपलेलं नाही.”

ती शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढली. पाचवी रांग हाताच्या अंतरावर होती. आत्या पुन्हा शेगडीपाशी जाऊन, काय करावं न कळून उभी होती. ठिपकीने तिच्याकडे न बघताच हात मागे केला.

“आत्या, एक वाटी काळा कर. थोडी नीळ टाक त्यात.”

आत्याने घाईघाईने वाटी घेतली.

“आणि सरस घाल,” ठिपकी म्हणाली. “पुरता.”